माझा खोटा हिवताप

मला हिवताप कधी आलाच न्हवता! तरी बेळगावच्या आमच्या बोर्डिंगात रोज सकाळी सगळ्यांसमोर नाक दाबून मी क्विनाईन प्यायचो.

झालतं असं. कॉलेजात इंटरच्या वर्षाला माझी झोपच उडाली. पुस्तक उघडलं की रडू यायचं. खडेबाजारातनं चाललो की वाटायचं, सगळी माझ्याकडंच बघून कायतरी बोलाय लागल्यात. शेवटी आप्पा आले आन मला खानापूरकडं आमच्या गावाला घेऊन गेले. पुढं एका डॉक्टरानं सांगितलं, खूळबीळ काय न्हाई, मनाचा आजार हाय, बरा हुईल. झालोच की बरा! पण परत निघताना आईनं बजावलं, "कुणी इचारलं तर हिवताप म्हण. खानापूरच्या माणसाला कोण खोटं म्हणतंय?"

खरंच की! आमच्या जंगलाकडचं पोरगं सुट्टीवरनं आलं की हुडहुडी घेऊनच यायचं. कुणाला शंका आली न्हाई. आली असती तर? आदल्या साली निपाणीकडचा एक पोरगा एकटाच बोलाय लागला, तर दुसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या मास्तरांनी त्याची ट्रंक व्हरांड्यात काढली! परत कॉलेजात दिसला न्हाई तो. मला बीए व्हायचं हुतं, तेबी ह्याच बोर्डिंगात राहून.

पण तापाच्या बाबतीत हेच मास्तर पडले काळजीवाले. "हिवताप उलटतो रे, औषध सोडायचं नाही." झालं! तोंड कडू, कानात दिवसभर गुंईं.

मग जपानच्या लढाईपायी क्विनाईन मिळंनासं झालं. मास्तरांकडं एकच बाटली उरली, तीबी कपाटात कुलपाआड. आन तवाच माझ्या खोलीतला दोस्त, निपाणीचा, तोंडानं लई फाटका, सुगीला आमच्या गावाला भातकापणी बघाय आला आन खरा हिवताप घेऊन परतला. घोंगड्या टाकल्या, वर मी बसलो, तरी खाट हालायची थांबंना.

मास्तर बाटली घेऊन आले, उजेडात धरून बघितली. "अर्ध्यानं ह्याचं भागायचं नाही. पण तुझंही बंद कसं करू? तू आधीचा."

"सगळं त्याला द्या मास्तर. मला हिवताप न्हवताच."

"मग काय होतं?"

दारात पोरं जमलेली. खाटंखाली माझी ट्रंक दिसत हुती. म्हटलं, आता हुईल ते हुईल.

"मनाचा आजार हुता. झोप न्हाई, नुसतं रडू. लोक माझंच बोलत्यात असं वाटायचं. आता बरा हाय."

दारातनं एकजण म्हणाला, "म्हंजे खुळा व्हय?"

घोंगड्यांच्या आतनं दात वाजवत आवाज आला, "ए, गप रं! आजार नसताना क्विनाईन पितोय म्हंजे... हां, थोडा खुळाच हाय. पण माझ्या खोलीतला हाय. तुझं काय जातंय?"

पोरं फिस्सकन हसली. मास्तर न्हाई हसले. त्यांनी दोस्ताला त्याचा पुरा डोस पाजला, बाटलीचं बूच लावलं.

मीच इचारलं, "मास्तर, माझी ट्रंक?"

"तिला काय झालंय? आहे तिथं राहू दे." दारापर्यंत गेले आन थांबले. "तो गेल्या सालचा पोरगा... त्याचं घर माहीत आहे का रे कुणाला?"

घोंगड्यांतनं एक हात वर आला.

दोस्त उठून बसाय लागल्यावर पत्ता नीट इचारून घेतला आन रविवारी मास्तरांच्या सांगण्यावरनं मी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो. त्या पोराच्या आईनं मला दारातच अडवलं. "त्यो कुणाला भेटत न्हाई बाबा. हिवताप हाय त्याला."

"व्हय मावशी," मी म्हटलं, "मलाबी त्योच हुता. बेळगावात त्याची खाट रिकामी हाय, मास्तरांनी बोलावलंय. तेवढं सांगतो त्याला."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग दारातनं बाजूला झाली.