कापून टाकलेली हाक

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या काकांनी येणाऱ्या-जाणाऱ्याचे कान किटवले होते. हार्ड डिस्क गच्च भरू नका, तापली की थांबा, टकटक ऐकू आली तर आधी कॉपी काढा! लोक म्हणत, "काका, डिस्क आहे ती, तान्हं बाळ नाही."

काका हसत नसत. पूर्वी ते घरीच निवेदन रेकॉर्ड करायचे आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून काकूंची हाक यायची, "अहो, ताट वाढलंय!" काका चरफडत ती हाक कापून टाकायचे. काकू गेल्या, तेव्हा न कापलेलं रेकॉर्डिंग एकाच जुन्या डिस्कवर उरलं होतं. डिस्क गच्च भरलेली, तापलेली, टकटकणारी. "एवढं एक लग्न निघेल," म्हणत काकांनी तिच्यावरच काम रेटलं, आणि तिने मान टाकली. लग्न कॅमेऱ्याच्या कार्डावरून परत मिळालं. हाक नाही मिळाली.

ती मेलेली डिस्क काका अजूनही रोज दुपारी कॉम्प्युटरला जोडतात. आतून नुसतं टक, टक, टक येतं.

"आलो गं, आलो," काका म्हणतात, आणि स्वतःचं ताट वाढून घ्यायला उठतात.