बंद ठेवलेला हीटर

शिंपीदादा परदेशी गेले ते बायको आणि लेकीला घेऊनच. तिथे साधी भाजी घेतानाही त्यांचा जीव वरखाली व्हायचा. हिवाळा लागला, पण बिलाच्या धास्तीने त्यांनी खोलीतल्या हीटरला हात म्हणून लावला नाही. स्वेटरवर स्वेटर चढवून मशीनवर बसायचे. बोटं आखडायची, शिलाई वाकडी जायची, आणि लेकीचा खोकला काही हटेना. शेवटी मायलेकींना माघारी पाठवायचं ठरलं.

अशात घरमालकीणबाई स्कर्ट आखूड करायला घेऊन आल्या.

“हीटर बिघडलाय का हो?”

“नाही बाई, बंद ठेवलाय. बिल परवडत नाही.”

“कसलं बिल? ते भाड्यातच धरलंय की.”

त्या गेल्यावर बायको म्हणाली, “अहो, आधी विचारायचं तरी.”

“विचारलं असतं आणि त्यांना बिल लावायचं सुचलं असतं म्हणजे?”

ती हसतच उठली आणि तिने हीटर लावला. घटकाभरात लेक स्वेटर काढून जमिनीवर खेळायला बसली. दादांनी देवाला हात जोडले आणि स्कर्ट मशीनवर घेतला. मायलेकींच्या जाण्याचा विषय काही पुन्हा निघाला नाही.