एकाच मांडवात दोन गिऱ्हाईकं

मी घरी बसून लेखनाची कामं करतो. आमच्या कुडवा गावातल्या लोकांना या वाक्यातलं 'घरी बसून' एवढंच ऐकू येतं.

त्यामुळे गिऱ्हाईक शोधायचं खातं आमच्या बाबांनी स्वतःहून ताब्यात घेतलं. राइस मिलमधून रिटायर झालेला माणूस. आयुष्यभर तांदूळ खपवला, आता पोरगा खपवायला निघाला! चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, एकदा तर मयताच्या बैठकीत सुरू! "माहा पोरगा लिवते जी. काहीबी सांगा, लिवून देते!" त्या बैठकीतून खरंच दोन कामं आली. (एक श्रद्धांजलीचं आणि दुसरं तेरवीच्या आचाऱ्याच्या जाहिरातीचं.)

पण माझा खरा हंगाम लग्नाचा. आमच्याकडे मंगलाष्टकांत नवरा-नवरीसोबत मामा, आत्या, आत्याचे यजमान म्हणजे फुफाजी, सगळ्यांची नावं गुंफलेली लागतात. ज्याचं नाव सुटलं, तो जेवत नाही. मी फार वर्षांपूर्वी अंगात आल्यासारखी आठ मंगलाष्टकं लिहिली होती. 'धानाच्या हिरव्या सुखात भरली ही पाहुण्यांची सभा!' (लग्नं मे महिन्यात. हिरवं म्हणाल तर मांडवाचं कापड.) तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तीच आठ देत आलो, नावं तेवढी बदलून. आणि प्रत्येकाला छातीवर हात ठेवून सांगत आलो, "खास तुमच्यासाठी लिहिलंय. जगात दुसरी प्रत नाही!"

यंदा काम आलं थेट सासरकडून, तेही बायकोच्या खटपटीने. बायकोच्या आमगावच्या मामांची मुलगी पायल, नवरदेव हेमंत. आता, माझा धंदा काय आहे हे सासरी आजवर कोणालाच कळलेलं नव्हतं. सासूबाई शेजारणींना सांगत, "जवाई कम्प्युटरवर काहीतरी करून राह्यतात." बायकोने मला समोर बसवून बजावलं, "अवो, एवढं एक काम नीट करा. माहेरी मले एकदा तरी मान वर करून फिरू द्या."

त्याच आठवड्यात बाबांनी टपरीवरून कामठ्याचे पटलेकाका धरून आणले. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. नावं बंटी आणि गायत्री.

इथे मी चौकशी करायला हवी होती. पण दोन्हीकडच्यांनी आपापलेच नातेवाईक लिहून दिलेले. एकही नाव जुळत नव्हतं. तारीख एकच होती, पण त्या तारखेला अर्धा जिल्हा उरलेल्या अर्ध्या जिल्ह्याशी लग्न लावत होता! (मामांची लग्नपत्रिका घरी आली होती. मी वाचली नव्हती. लेखक माणूस, वाचायला वेळ कुठे!) नावं बदलली, दोन प्रिंट काढल्या, दोघांकडे पोहोचवल्या.

लग्नाच्या दिवशी बाबांसकट आम्ही आमगावला मांडवात. वरात आली, बँड वाजला आणि सगळ्यांच्या पुढे गुलाबी फेट्यात नाचत कोण आलं? पटलेकाका! माझ्या घशातलं सरबत नाकात गेलं.

"काका, तुम्ही इथं कसे?"

"काऊन? माह्या पुतण्याच्या लग्नात मी नाही येणार त का कलेक्टर येईल?"

"पण तुमचा पुतण्या तर बंटी!"

"घरी बंटीच म्हणतो ना जी. हेमंत त शाळेच्या दाखल्यावर आहे."

"आणि गायत्री?"

"नवरीचं सासरचं नाव. आमीच काढलं. आजपासून पायल खतम!"

पायलचं माहीत नाही, मी मात्र जागच्या जागी खतम झालो. दोन गिऱ्हाईकं, एक मांडव, आणि जगात एकमेव असलेल्या मंगलाष्टकांच्या दोन प्रती!

मी काकांना कोपऱ्यात घेतलं. "काका, तुमच्या कागदात जराशी सुधारणा करू म्हणतो..."

"आता कायची सुधारणा? ल्यामिनेशन करून आनलं ना बापू!"

मग मामांकडे धावलो. "मामा, उशीर झालाय, पाहुणे उन्हात आहेत. आपण चारच म्हणू या का?"

"चार? कायले चार? तिकडचे आठ म्हणतील आन् आपन चार? जवाई, पोरगी देऊन राह्यलो, नाक नाही!"

शेवटी बायकोच्या कानात सगळं सांगितलं. तिने पर्स फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. बारा वर्षांच्या संसारात मी एवढा कधी घाबरलो नव्हतो.

अंतरपाट धरला. काकांनी झडप घालून माइक पकडला. "धानाच्या हिरव्या..." आठवं संपेपर्यंत सोडला नाही. मग माइक मामांनी घेतला. खणखणीत आवाज लावला. "धानाच्या हिरव्या..." मी डोळे मिटले आणि आचाऱ्याच्या मागून स्टेशनकडे जाणारी वाट मनातल्या मनात आखली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, हे त आताच झालं ना जी!"

पकडलं कोणी? माझ्या सख्ख्या बापानं! मी मागे वळलो आणि हातातल्या सगळ्या अक्षता त्यांच्या तोंडात कोंबल्या. (हळदीच्या होत्या. बाबा दोन दिवस पिवळं हसत होते.)

आता मांडव पेटणार म्हणून मी चहूकडे नजर टाकली. आणि पाहतो तो काय, कुठे काही नाही! बायका नेम धरून करवल्यांना अक्षता मारत होत्या. फोटोग्राफर भटजींना "जरा बाजूला व्हा" म्हणत होता. कूलर मालगाडीसारखे धडधडत होते, आणि प्रत्येक 'सावधान'ला बँडवाला असा तुटून पडत होता की पुढचं अर्धं कडवं त्याच्याच पोटात जात होतं. काका 'तुमचं नाव ऐकलं का' हे विचारायला फुफाजींना शोधत होते, आणि फुफाजी जेवणाच्या दारात पहिला नंबर लावून उभे! आठ आणि आठ, सोळा मंगलाष्टकं झाली. माझं एक अक्षरही कोणाच्या कानात शिरलं नाही. लेखकाला याहून मोठं दुःख नाही म्हणतात. मी आनंदाने रडलो! सासूबाईंना वाटलं, पायलच्या पाठवणीचं दुःख झालं. त्यांनी मला पदराने वारा घातला.

जेवणं उरकत आली तेव्हा मामा तरातरा माझ्याकडे येताना दिसले. मी आचाऱ्याच्या मागची वाट पुन्हा नजरेने शोधली.

"जवाई!"

"हो मामा?"

"लय भारी लिवलं राजा! कामठ्यावाले बी तारीफ करून राह्यले. साडूच्या पोराचं लगन आहे, त्याचंबी काम तुमालेच!"

बायकोची मान सर्रकन वर गेली, ती आजतागायत खाली आलेली नाही. मला मात्र राहवेना. "मामा, नेमकं काय आवडलं?"

"शेवटचं वाक्य! 'जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये!' वा!"

ते वाक्य केटरर माइकवर बोलला होता. हल्ली नवीन गिऱ्हाइकाला माझ्या लेखनाचा नमुना म्हणून मी सगळ्यात आधी तेच दाखवतो.