लाल, पण बिनतिखट

बाबासो वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी होता. आयुष्यभर त्याच्या पाठीवर मिरचीची पोती. नवख्या माणसाला त्या गाळ्यांत शिंका आवरत नसत. हा तिथंच फतकल मारून भाकरी आणि लालभडक चटणी खायचा. तोंडात तंबाखूही कायमची. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गालाच्या आतली जखम बरी होईना. बायको विजयमाला त्याला भांडून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. कॅन्सर निघाला.

पाऊस लागला तेव्हा किरणांचे शेक देऊन संपले होते. तोंड आतून सोलून निघालेलं. डॉक्टर म्हणाले, "तिखटाचा कण नको. पण जेवले नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल."

कोपरखैरण्याच्या त्या बैठ्या घरात मग रोज तेच चालू झालं. ती मऊ भात, दूध, मुगाचं पाणी पुढं ठेवायची, तो तोंड फिरवायचा.

"अवो, दोन घास तरी."

"पांढरं," तो जड जिभेनं म्हणायचा. "सगळं पांढरं. मढ्याम्होरं ठेवत्यात तसं."

अंगावरचा सदरा लोंबायला लागला. एकदा तिनं चिडून ताट आपटलं, आणि मग स्वतःच सांडलेला भात गोळा करत रडत बसली.

नाक्यावर बायजाबाई भाजी विकायची. तिच्या पाटीच्या कडेला पिकून लाल झालेल्या, सुरकुतलेल्या ढोबळ्या मिरच्या पडल्या होत्या. विजयमाला त्यांच्याकडे बघतच राहिली.

"ही तिखट असती का वो?"

"ढोबली कशी तिखट आसंल?" बायजाबाई म्हणाली. "पिकली का गोडूस लागतं. कोनी घेत नाय. ने तुला."

विजयमालानं त्यांच्या बिया, आतला पांढरा गर सगळं खरवडून काढलं, पट्ट्या कापल्या आणि पत्र्याखाली वाळत टाकल्या. पावसाळी हवेत त्यांच्यावर बुरशी चढली. पुन्हा आणल्या; तव्यावर सुकवायला गेली तर करपल्या. शेवटी ती ताट घेऊन बेकरीत गेली. भट्टीवरच्या श्यामसुंदरला म्हणाली, "पाव काढल्यावर भट्टी कोमट ऱ्हाती न्हवं? तेवढ्यात ठिवा. माझा माणूस उपाशी मरतोय."

त्यानं ताट आत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या कडकडीत झाल्या होत्या. तिनं त्या कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. तूप कोमट करून त्यात चिमूटभर भुकटी सोडली आणि ते मुगाच्या वरणावर ओतलं. वरण लालबुंद झालं. वास घरभर फिरला.

बाबासो उठून बसला. वाटी बघून मात्र घाबरला. दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "मारायला उठलीस व्हय मला?"

"तिखट न्हाई. आईची आण." तिनं आधी स्वतः चमचा तोंडात घातला. "बघा, माझ्या डोळ्याला पानी तरी आलं का?"

त्यानं भीत भीत जिभेचं टोक लावलं. थांबला. पुन्हा लावलं. चव त्याला फारशी कळतच नव्हती. पण लाल रंग दिसत होता, फोडणीचा वास नाकात होता. वाटी रिकामी झाली. त्या दिवशी तो जेवला.

मग तिनं ती भुकटी कशाकशात घातली! पातळ पिठल्यात, दह्यात, दुधीच्या रश्यात. पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, वाटून चटणी केली आणि मऊ भाताला माखली. एकदा लाल ढोबळी मिळेना म्हणून हिरवी सुकवली. ती काळपट झाली आणि त्यानं वाटी सरकवली. मग ती पार भाजी मार्केटात जाऊन गाळ्यामागं फेकलेल्या मिरच्या वेचून आणायला लागली. नळी टळली. तो अंगणात येऊन बसायचा. दिवाळीपर्यंत तिला वाटत होतं, निभावलं.

दिवाळीनंतर मानेत गाठ आली. डॉक्टरांनी या खेपेस तिलाच बाजूला बोलावलं. त्याला पाणीही उतरेना; डॉक्टरांनी घातलेली नळीही त्यानं उपसून काढली. बोलणं बंदच झालं होतं. दुपार झाली की तो चुलीकडे बोट करायचा.

"खायला येनार न्हाई तुमाला, कळतंय का?" ती म्हणायची. तो मान हलवायचा आणि पुन्हा बोट करायचा.

ती तूप तापवायची, भुकटी टाकायची. तो डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा. शेजारी म्हणायचे, "बाबासो जेवायला लागला वाटतं." ती हो म्हणायची.

मार्गशीर्षात एका दुपारी तिनं फोडणी केली, तर त्याच्या छातीची हालचाल थांबलेली. तूप करपेपर्यंत ती त्याच्याकडं बघत उभी होती.

उन्हाळ्यात दीर पंढरी गावाकडून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या घेऊन आला. पोतं बघून ती म्हणाली, "भावजी, परत न्या. यंदा माझ्यानं कांडप हुनार न्हाई."

तो पोतं तिथंच ठेवून गेला. ते बरेच दिवस दाराशी पडून राहिलं.