कड्यावरची हाक

महादेवाला जाऊन येते, असं सुनेला सांगितलं आणि भाकरी बांधून निघाले. श्रावणातला सोमवार होता. देवळात माथा टेकला, पण थांबले नाही. मागच्या वाटेनं डोंगराच्या धारेवर चढले.

उन्हाळ्यात इथं नुसता दगड दिसतो. आता साग, धावडा, पळस एकमेकांत घुसलेले, वर आभाळ दिसत नव्हतं. पानांवरचं पाणी मानेवर ठिबकत होतं. तीन धारा ओलांडल्या की कडा येतो. आम्ही दोघं वीस वर्षं शेळ्या घेऊन ही वाट चाललो. हे पुढं, मी मागं. ह्यांच्या पायानं गवत दबलेलं असायचं. आता मीच काठीनं बाजूला करत गेले.

कड्यावर पोचलं की हे माझं नाव घेऊन हाक मारायचे. घरी कधी नाही, घरी नुसतं "अगं". समोरचा डोंगर नाव परत द्यायचा. मग मला म्हणायचे, "आता तू मार की. इथं कोण ऐकतंय, शेळ्या?"

मी पदर तोंडाला लावायची. नवऱ्याचं नाव एवढ्या मोकळ्यानं कसं घ्यायचं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढच्या वेळी मारते, असं दरवेळी सांगायची. दोन वर्षांमागं हे वारले. हाक राहून गेली. तीच मारायला मी आले होते.

कड्यावर शहरातलं एक जोडपं होतं. पोरगी नवऱ्याचं नाव घेऊन ओरडत होती, नाव परत आलं की खिदळत होती. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही पण मारा ना. ह्याच्यापेक्षा डोंगर बरा, एका हाकेत ओ देतो."

"मग भांडी पण त्यालाच घासायला सांग," नवरा म्हणाला.

मला हसू आलं, पण आवाज निघेना.

ती दोघं उतरायला लागल्यावर मी टोकाच्या दगडाशी गेले. खाली सगळं हिरवं, झाडांत ढग अडकलेले. नाव घेतलं, ते ओठातच राहिलं. परत घेतलं. तिसऱ्यांदा इतकं जोरात निघालं की मीच दचकले. समोरून ह्यांचं नाव आलं, माझ्या आवाजात.

तेवढ्यात खालच्या झाडीतून पोरगी ओरडली, "मावशी, कोणी हरवलंय का?"

मला उत्तर सुचायच्या आत ती दोघं ह्यांना हाका मारू लागली, नावापुढं काका लावून. सगळ्या दरीत ह्यांचं नाव फिरत होतं. थांबा म्हणता येईना. म्हणावंसंही वाटेना.

"सापडले का काका?"

"सापडले," मी ओरडून सांगितलं.

मग दगडावर बसून भाकरी खाल्ली. ऊन कलेपर्यंत उठले नाही. वाटेत ती दोघं भेटली असती, तर काका कुठं आहेत म्हणून विचारलं असतं.