खालून पाहिलेला डोंगर

पांचाळ सर बसून वाचत नसत. कंधारच्या आमच्या शाळेचं ग्रंथालय मी एकोणीस वर्षं सांभाळलं, आणि तेवढ्या वर्षांत खुर्चीला टेकलेले सर मला चार-पाच वेळाच दिसले असतील. पुस्तक उघडं हातात धरायचं आणि कपाटांमधल्या बोळातून येरझाऱ्या घालायच्या. मजकुरात रमले की चपलांचा वेग वाढे. मी कधी म्हटलं, "बसा की सर, मला गरगरायला लागलं," तर म्हणायचे, "बसलं की डोस्कं बी बसतं, कुलकर्णी. तुम्ही बसा. तुम्हाला पगारच बसायचा मिळतो."

ते भूगोल शिकवत. पहिल्यांदा ग्रंथालयात आले ते एक जुना नकाशासंग्रह मागायला. त्यात एका शहराचं चित्र होतं. समोर समुद्र, मागे माथा कापून काढावा तसा सपाट डोंगर, आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं घरं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचं केप टाउन. त्या पानापाशी सर बराच वेळ थांबले. "आपल्याला डोंगर बघायचा तर माहूर गाठावं लागतं," ते म्हणाले, "अन् समुद्र तर न्हाईच. इथं बघा, दोन्ही एकाच गल्लीत."

त्या वर्षापासून नववीच्या वर्गाला ते गावातल्या जुन्या किल्ल्यात नेऊ लागले. तट म्हणजे डोंगर, खंदक म्हणजे अटलांटिक महासागर, आणि मधल्या काठावर उभी असलेली मुलं म्हणजे शहर. मग सर तटावर चढून आपला पांढरा पंचा खाली सोडत. आग्नेयेकडून वारा सुटला की त्या डोंगरावर ढग साचतो आणि कड्यावरून असाच खाली लोंबतो, हे दाखवायला. "दूध उतू गेल्यावानी येतो, अन् गावात पोचायच्या आत विरून जातो. का विरतो?" एकदा एक मुलगी म्हणाली, "भिऊन, सर." सर मोठ्यानं हसले. "खाली येताना तापतो म्हणून विरतो. पण तुझं उत्तर बी खोडू नको, राहू दे वहीत."

सर निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांनी त्यांच्या मुलाला, अमोलला, नेमकी त्याच शहरात तीन वर्षांची नोकरी लागली. तेव्हापासून सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी ते दारात हजर. कुठल्या वाऱ्यात काय बघायचं याची त्यांनी वहीच केली. वारा असेल तर डोंगराच्या पायथ्याची बाग, नसेल तर बंदर आणि धक्क्यावर पसरलेले सील प्राणी. पेंग्विनांचा किनारा सकाळी, उतारावरची रंगीत घरं दुपारी. राजकीय कैद्यांना ठेवत ते बेट शांत पाण्यात. पहिल्या पानावर मात्र एकच ओळ होती : आभाळ मोकळं दिसेल त्याच दिवशी डोंगर, उद्यावर ढकलू नये.

डोंगरावर दोरावरच्या गाडीनं जायचं होतं. पायवाटही होती, पण सरांच्या हृदयाचं दुखणं तोवर सुरू झालं होतं आणि डॉक्टरांनी चढाला सक्त मनाई केली होती.

सरांची एक रीत इथं सांगितली पाहिजे. ते देवभोळे नव्हते. पण कुठल्याही नव्या जागी पहिलं पाऊल जोडीनं टाकायचं, हे त्यांच्या घरात ठरलेलं होतं. आईवडील देवाला जोडीनं जात, सरांनी ते सगळ्याच ठिकाणांना लावलं. नांदेडात नवा पूल झाला तेव्हा एकटे होते म्हणून ते जुन्या पुलावरून वळसा घालून गेले, आणि पुढच्या आठवड्यात सुलोचनावहिनींना घेऊन नवा पूल ओलांडून आले. वहिनी सांगायच्या, "पुलावर काय बघायचं होतं, भाऊजी? ऊन लई होतं."

डिसेंबरात दोघं हैदराबादहून विमानानं गेली. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सर ग्रंथालयात आले. मी विचारलं, "कसा होता डोंगर?"

"खालून लई भारी," ते म्हणाले, आणि चालू लागले.

कपाटांमधून फेऱ्या घालत त्यांनी मला सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी आभाळ स्वच्छ होतं. अमोलनं गाडी काढली. खालच्या ठाण्यावर पोचले, तिकिटं काढली. तेवढ्यात वहिनींनी मान वर करून पाहिलं. कड्यासमोर, कशाचाही आधार नसलेल्या हवेत, ती गाडी दोरावरून वर सरकत होती. वहिनी म्हणाल्या, मला चक्कर येऊन राहिली. अमोल म्हणाला, आईपाशी मी थांबतो, बाबा तुम्ही जाऊन या. वहिनीही म्हणाल्या, जा. सर म्हणाले, जोडीनं जाऊ, उद्या. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि गाडी बंद झाली. वारा सात दिवस पडला नाही. निघायच्या सकाळी डोंगर पुन्हा मोकळा झाला, वेळही होता. पण वहिनींना तेव्हाही बरं वाटत नव्हतं.

"प्रवासाची दगदग," मी म्हणालो.

सर थांबले. "चक्कर न्हवती ती. तीस-पस्तीस वर्षं तिची चक्कर बघून राहिलो मी. चक्कर आली की ती डोळे मिटते. त्या दिवशी डोळे टक्क उघडे होते, त्या गाडीकडं. भ्याली होती ती." मग आवाज उतरवून म्हणाले, "तिच्यापाशी बोलू नका कधी. लाजंल."

शाळेनं त्यांना मुलांशी बोलायला बोलावलं. एकानं विचारलं, वरून शहर कसं दिसतं? सर सरळ म्हणाले, "वर गेलो न्हाई. खालून दिसलं तेवढं सांगतो." आणि तासभर सांगितलं. पण नंतर त्यांची तगमग वाढली. रोज संध्याकाळी तटावर एकटेच चालत राहायचे. अमोलच्या नोकरीचं एक वर्ष उरलं होतं, पुन्हा जायचं म्हणायचे. जाणं झालं नाही. श्रावणात एका सकाळी ते घरातल्या घरात फेऱ्या घालता घालता कोसळले, ते उठलेच नाहीत.

दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला, समोर बसल्या, आणि मी न विचारता म्हणाल्या, "भाऊजी, मी त्यांना फसवलं. मला काही झालं न्हवतं तिकडं. माहूरच्या पायऱ्या मी दरसाल चढते, पण तिथं पाय दगडावर असतात. ती गाडी बघितली अन् भ्याले मी. सांगायची लाज वाटली. जन्मभर त्यांनी त्या डोंगराचं नाव घेतलं, अन् माझ्यापायी तो राहिला. त्यांना शेवटपर्यंत कळलं न्हाई."

सरांनी मला बजावलेलं मी विसरलो नव्हतो. पण ही बाई हे ओझं घेऊन पुढची वर्षं काढणार, हे मला बघवेना. मी म्हणालो, "वहिनी, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनीच मला सांगितलं. त्यांचा राग नव्हता."

मला वाटलं होतं, ऐकून त्यांना हलकं वाटेल.

"माहीत होतं?" त्या म्हणाल्या. "रोज सकाळी विचारायचे, आज बरं वाटून राहिलं का. अन् मी रोज न्हाई म्हणायची." मग त्यांचा आवाज चढला, रागावल्यासारखा. "मग एकदा म्हणायचं न्हाई का, भिऊ नको, मी हाय म्हणून? गेले असते की मी, भाऊजी. त्यांचा हात धरून गेले असते."