चार दिवसांचा बंगला

भंडारा रोड स्टेशनवर गाडी पाऊण तास उशिरा आली आणि तेवढ्या वेळात मी माझी सगळी योजना पुन्हा एकदा मनाशी घोकून घेतली. मला योजना करायला आवडतं. एकवीस वर्षं मुलींना भूगोल शिकवते आहे. नकाशा हातात असला की माणूस चुकत नाही, असं माझं ठाम मत होतं.

योजना अशी होती. माझे वडील, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, दिवाळीनंतर भंडाऱ्याहून माझ्या धाकट्या भावाकडे, शामकडे, भिलाईला राहायला गेले होते. शाम तिथल्या नव्या पोलाद कारखान्यात फिटर आहे. उन्हाळ्यापर्यंत राहून बघा, नाही करमलं तर मी स्वतः येऊन परत घेऊन जाईन, असा शब्द मी बाबांना दिला होता. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड यायचं आणि त्यात तक्रारींशिवाय दुसरं काही नसायचं. क्वार्टर म्हणजे खोकं आहे. नळाच्या पाण्याला चव नाही. भोंग्यानं कान किटले. इकडे माझ्या हातात चांद्याच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिकेच्या जागेचं पत्र येऊन पडलं होतं. तिथे राहायची सोय शिक्षिकांच्या वसतिगृहातल्या एका खोलीत, म्हणजे वडिलांना सोबत नेणं अशक्य. बाबा भंडाऱ्याला परतले तर मला चांद्याला नकार कळवावा लागणार होता. ते भिलाईला राहिले तरच मी जाऊ शकत होते. हे मी फक्त शामला कळवलं होतं, बाबांना नाही.

म्हणून मी शामला लिहिलं, की बाबांना त्या खोक्यातून चार दिवस बाहेर काढू. एखादा मोठा बंगला भाड्याने घे, बाग असलेला, पाण्याजवळचा, आपल्याशिवाय तिथे कोणी नसेल असा. तुझे दोस्तही येऊ देत. बाबांचं मन जरा मोकळं झालं की मी विषय काढते. शामने उलट टपाली कळवलं, की दुर्गच्या पलीकडे शिवनाथ नदीजवळ एका मालगुजाराचा (जुन्या जमीनदाराचा) बंगला रिकामा आहे, मालक रायपूरला असतो, आणि आम्ही तीन कुटुंबं मिळून तो घेतो आहोत.

गोंदिया सुटल्यावर जंगल सुरू झालं. पळस संपला होता, पण मोहाच्या झाडांखाली बायका अजून फुलं वेचत होत्या आणि तो गोडसर वास थेट डब्यात येत होता. दरेकशाचा बोगदा आला तेव्हा समोरच्या बाईने खिडकी लावायला सांगितली. मी लावली नाही, आणि इंजिनाचा सगळा धूर तोंडावर घेऊन डोंगरगडला उतरून तोंड धुतलं. पुढे मात्र सपाट धानाची बांधी (भाताची शेतं), कापणी होऊन कोरडी पडलेली, दुर्गपर्यंत.

दुर्गहून बसने भिलाईला निघालं की पहिल्यांदा कारखान्याच्या चिमण्या दिसतात. मग धूर, मग मैलभर लांब शेड. मी उगाच भारावून जाणाऱ्यांपैकी नाही, पण कबूल करते की मान बाहेर काढून बघत राहिले. कालपरवापर्यंत इथेही धानच उभं असायचं. सेक्टर दोनमध्ये मात्र मला शामचं घर सापडेना. सगळे क्वार्टर एका साच्यातून काढलेले, एका रंगाचे. मी बेधडक एका घरात शिरले आणि एका उडिया बाईच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले. तिने हसून बोट दाखवलं, चौथं दार. त्या दाराशी पपईचं एक रोप होतं आणि पायरीवर बाबा बसलेले होते.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आधी माझी पिशवी घेतली आणि लगेच नळाच्या पाण्याची तक्रार सुरू केली. मी मनात म्हटलं, योजनेची गरज आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ठेकेदाराच्या ट्रकमधून आम्ही निघालो. शाम, त्याची बायको कमल, शेजारचे लांजेवार आणि टाइम ऑफिसातले कारकून डोंगरे, दोघांची बायकामुलं, बाबा आणि मी. लांजेवार भंडाऱ्याकडचेच, घरची शेती भावाला देऊन आलेले, आता क्रेन चालवतात. तिघांनी चार दिवसांची रजा एकत्र मिळावी म्हणून कोणाकोणाशी पाळ्या बदलून घेतल्या होत्या, त्याची हकीगत वाटभर ऐकायला मिळाली. सामानात गाद्या होत्या, कढया होत्या, आणि लांजेवारांनी मांडीवर धरून आणलेला एक नवाकोरा टेबलफॅन.

बंगला पाहून मात्र सगळे ट्रकमध्येच उभे राहिले. आठ फुटी भिंत, लोखंडी फाटक, आत आमराई. चारी बाजूंनी रुंद व्हरांडा, छत इतकं उंच की आवाज वर जाऊन परत यायचा. सालाच्या लाकडाचं जेवणाचं टेबल, त्यावर वीस माणसं बसतील. मागच्या दाराबाहेर खाजगी तलाव, त्याला दगडी पायऱ्या. कमल प्रत्येक खोलीत जाऊन उभी राहिली आणि प्रत्येक खोलीत म्हणाली की हीच आमची. सगळं होतं, फक्त वीज नव्हती. लांजेवार पंखा हातात घेऊन प्लगसाठी भिंती तपासत फिरले. तीन वर्षं भिलाईत काढली आणि दुनियेत बिनविजेची घरं असतात हे ही मंडळी साफ विसरली होती. मी तसं बोलूनही दाखवलं. मग तो पंखा टेबलाच्या मधोमध गणपतीसारखा बसवला आणि तिथेच तो शेवटपर्यंत राहिला.

बंगला राखणारी फुलमतबाई पन्नाशीची असेल. आम्ही व्हरांड्यात टेकतो न टेकतो तोच तिने प्रत्येकापुढे पाण्याने भरलेला काशाचा एकेक लोटा आणून ठेवला आणि काही न बोलता बाजूला उभी राहिली. लांजेवारांनी आपला लोटा उचलला आणि शामला हळूच विचारलं की कोणत्या बाजूला जायचं असतं. शामने आमराईकडे हात केला. ते निघालेही. फुलमतबाईने पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना.

"पहुना बर पानी आय," ती म्हणाली. (पाहुण्यासाठी पाणी आहे.)

मग तिने समजावून सांगितलं. इकडे बाहेरून कोणी दारात आलं की पहिल्यांदा त्याच्यापुढे भरला लोटा ठेवायचा. त्याने पाय धुवायचे, हवं तर प्यायचं, मग बोलणं. लोटा पुढे आला म्हणजे तुम्ही आता या घराचे पाहुणे, तुमची काळजी आमच्यावर. लांजेवार निम्म्या वाटेवरून परत आले. बाबांनी मात्र तोवर पाय धुतले होते. त्यांनी फुलमतबाईला दोनदा विचारून घेतलं, की लोटा उजव्या हाताने ठेवायचा की दोन्ही हातांनी.

डोंगऱ्यांनी कामाचा तक्ता करून भिंतीला लावला. फर्स्ट शिफ्ट चहा, सेकंड शिफ्ट जेवण, प्रत्येकाच्या नावापुढे रकाना. पुरुषांची शिफ्ट आली की पुरुष तलावात सापडायचे. शेवटी फुलमतबाईनेच चूल ताब्यात घेतली. तिची अंगाकर (पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली तांदळाच्या पिठाची जाड भाकरी) आणि कैरीची चटणी मी भंडाऱ्याला येऊन करून पाहिली, जमली नाही. सकाळी ती बासी द्यायची, म्हणजे आदल्या दिवशीचा पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा आणि मीठ. डोंगऱ्यांच्या बायकोने नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. त्या उन्हात बासीइतकं पोटाला थंड दुसरं काही नाही.

सगळे खुशीत होते. मुलं आंब्यांवर, बायका तलावात, पुरुष पत्त्यांत. फक्त बाबा गप्प होते. आराम आहे ना, असं विचारलं की आहे म्हणायचे. आमराई दाखवली तर पाहिली म्हणायचे. दिवसभर फाटकाजवळच्या दगडावर बसून राहायचे. मी ठरवलं होतं की दुसऱ्या संध्याकाळी विषय काढायचा. ती गेली. मला वाटलं, एवढ्या बंगल्यानेही हा माणूस खूश होत नाही तर भिलाईचं काय घेऊन बसलात. त्या संध्याकाळी मी चांद्याच्या नकाराचं पत्र मनातल्या मनात लिहूनही टाकलं. मला रडू आलं, ते मी तलावावर तोंड धुऊन घालवलं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला उठले तर बाबा धोतर नेसून, टोपी घालून त्याच दगडावर. मी जवळ जाऊन बसले.

"कावून बसले बाबा इथं?" बाबांशी बोलताना माझीही भाषा घरचीच होते, ‘का’चं ‘कावून’ होतं.

"भोंगा नाही वाजला."

"इथं कुठचा भोंगा?"

"तेच म्हणून राहिलो. कोण उठलं, कोण ड्युटीवर गेलं, काही समजून नाही राहिलं."

आणि मग बाबा बोलायला लागले. पहिला भोंगा झाला की ते पायरीवर येऊन बसतात. सायकलींची रांग निघते. पंजाबी असो, मद्रासी असो, जाताना प्रत्येकजण हात करतो. उडिया बाई दूध तापवताना तिचं पोर बाबांच्या मांडीवर देऊन जाते. डब्बा विसरलेल्याला बाबा हाक मारतात. दुपारी रांग परत येते तेव्हा कोण आलं नाही हे त्यांना आधी कळतं. इथे भिंत इतकी उंच, की रस्त्याने कोण गेलं तेही दिसत नाही.

मी थक्क झाले. मग पोस्टकार्डांत सहा महिने तक्रारी कसल्या, असं मी जरा चिडूनच विचारलं.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चांगलं आहे म्हणून लिहिलं असतं, तर तू आली असती कावून?"

 एवढा नकाशा हातात असून मी त्यातलं एकच ठिकाण पाहिलं नव्हतं. मी खाली मान घालून चांद्याचं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात ते म्हणाले, "ठाऊक आहे मले. शामनं होळीलेच सांगितलं. मी म्हटलं, तिच्या तोंडून ऐकू." मग म्हणाले, "जा तू, शांते. मोठी बाई होऊन राहिली माझी पोरगी. आन आता मले घरी घेऊन चाल."

घरी म्हणजे सेक्टर दोनला, हे मला कळायला एक क्षण लागला.

चौथा दिवस बंगल्यातच राहिला, आम्ही तिसऱ्याच दिवशी निघालो. कमलने थोडं तोंड फुगवलं, डोंगऱ्यांनी तक्त्यातला शेवटचा रकाना खोडला आणि लांजेवारांनी पंखा पुन्हा मांडीवर घेतला. क्वार्टरशी ट्रक थांबला तो नेमका दुपारच्या भोंग्याला. सायकली परतत होत्या. तीन-चार जणांनी सायकलवरूनच विचारलं, की बाबा, कुठे होता इतके दिवस. बाबा उत्तर द्यायला थांबले नाहीत. घाईने आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

बाहेर आले ते दोन्ही हातांत पितळी लोटा धरून. शाम समोर उभा होता, कमल होती. त्यांना ओलांडून बाबा माझ्याकडे आले आणि वाकून तो लोटा माझ्या पायांशी ठेवला. मी वाकले, त्यांचा हात धरला, पण त्यांनी मान हलवली. मी पाय धुतले. उरलेलं पाणी प्याले. त्याला चव होती.

भंडाऱ्याच्या घराचं कुलूप मी एकटीने उघडलं आणि त्याच दिवशी चांद्याला होकार कळवला. प्रवासाला जाऊन माणूस नवी जागा बघतो असं मी मुलींना सांगत आले आहे. आपलंच माणूस नव्या जागी कसं दिसतं, हे बघायला मात्र मला एक अख्खा बंगला भाड्याने घ्यावा लागला.

चांद्याला येऊन पंधरा दिवस झाले तेव्हा बाबांचं पहिलं पोस्टकार्ड आलं. क्वार्टर गळून राहिलं आहे, नळाच्या पाण्याला चव नाही, भोंग्यानं कान किटले. मी ते दोनदा वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी दुर्गच्या गाडीची वेळ विचारायला स्टेशनवर गेले.